पेरूच्या पानांचा अर्क अल्सरपासून वाचवतो, हे लॅबमध्ये तपासतात कसं?

तुमच्या म्हापशाच्या काकी पेरूच्या पानांचा काढा घेतात आणि ह्याला प्रूफ काय असं तुम्ही विचारलंय, तर हे टेस्टिंग बहुतेक उंदरांवर होतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या कमिटीची परवानगी घेऊन. पानं सावलीत सुकवून, दळून, अल्कोहोलात भिजवून अर्क काढतात. उंदीर साधारण 24 तास उपाशी, फक्त पाणी. मग एका ग्रुपला अर्क, दुसऱ्याला ओमेप्राझोल (ॲसिड कमी करणारं नेहमीचं औषध), तिसऱ्याला नुसतं पाणी, आणि तासाभरानं सगळ्यांना कडक इथेनॉल पाजतात (रिकाम्यापोटी फेणी मारणाऱ्यांनी नोंद घ्यावी). मग उंदीर मारून पोट मोठ्या वळणावरून (बाहेरच्या फुगीर कडेनं) कापून उघडतात, सलाईननं धुतात, आतल्या अस्तरावर लालकाळ्या पट्ट्या दिसतात त्या मोजून अल्सर इंडेक्स, म्हणजे जखमा किती त्याचा आकडा, काढतात.

पण गोम इथेच आहे, अर्क आधी देतात, जखम नंतर करतात, म्हणजे बचाव दिसला तरी झालेला अल्सर बरा होतो हे सिद्ध होत नाही. शिवाय माणसांत अल्सरचं मेन कारण पेनकिलर नाहीतर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा बॅक्टेरिया, ज्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन ह्या डॉक्टरांना 2005 चं नोबेल मिळालं. ह्या बॅक्टेरियाला अँटिबायोटिकच लागतं. काकींना काळी शी होत असेल तर आत रक्तस्राव असू शकतो, काढा बाजूला ठेवा नि सरळ बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्या.