बुजऱ्या नराचा माग : ट्रेल कॅमेऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत सप्टेंबर लागला की धनुष्यबाणाचा हंगाम उघडू लागतो आणि व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीबद्दल मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या उत्तर-मध्य राज्यांतल्या वाचकांची पत्रं येतात. या वेळचे सगळे प्रश्न ट्रेल कॅमेऱ्याचे, म्हणजे झाडाला बांधून ठेवलेल्या आणि जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे आहेत.

प्रश्न : पश्चिम विस्कॉन्सिनमध्ये एका शेतकऱ्याच्या ४० एकरांवर मला शिकारीची परवानगी आहे. ऑगस्टभर सोयाबीनच्या कडेच्या कॅमेऱ्यात एक दणकट नर रोज संध्याकाळी यायचा. सप्टेंबरच्या मध्यापासून तो दिसेना. आता आला तरी रात्री दोनला. दर शनिवारी जाऊन कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बघतो. अजून कॅमेरे लावू का?

उत्तर : कॅमेरे वाढवू नका, फेऱ्या कमी करा. उन्हाळ्यात नर टोळीने राहतात आणि उजेडी चरतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिंगांवरची मखमल उतरते, टोळी फुटते आणि त्यातले बरेच नर आपला मुलूखच बदलतात. त्याच सुमारास सोयाबीन पिवळं पडतं, ओकची फळं गळायला लागतात, मग शेतात येण्याचं कारणही उरत नाही. तेव्हा ऑगस्टचा फोटो ‘असा नर या भागात आहे’ एवढंच सांगतो. मचाण कुठे बांधायचं, हे त्यावरून ठरवू नये.

रात्री दोनला का होईना, तो अजून येतोय. म्हणजे त्याची बसायची जागा उजेड असेपर्यंत तुमच्या कॅमेऱ्यापाशी पोचता येणार नाही इतकी लांब आहे, किंवा तो तुमच्या शनिवारच्या फेरीला सावध झालाय. दोन्हींवर उपाय जवळपास एकच. कॅमेरा शेताच्या कडेवरून काढून झाडीत ५० ते १०० यार्ड आत न्या. दोन उतारांमधली खिंड, ओढ्याचा उतार, दाट झुडूप आणि मोकळं रान यांच्यामधली चिंचोळी पट्टी, अशा जागा बघा. जिथे तो बसतो त्या झाडीत मात्र पाय ठेवू नका. तिथून एकदा उठवलेला पोक्त नर कित्येक दिवस उजेडात त्या बाजूला फिरकत नाही.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सगळ्यात चांगली जागा म्हणजे खरवड. नर खुरांनी पाचोळा उकरून माती उघडी करतो आणि वरच्या फांदीला तोंड-कपाळ घासून वास ठेवतो. ही फांदी साधारण छातीच्या उंचीला असते, तीच चौकटीत आली पाहिजे. इथे फोटोऐवजी १५ ते २० सेकंदांचा व्हिडिओ ठेवा. नर कुठून आला आणि कुठे गेला हे त्यात कळतं, मचाणाला नेमकं तेच लागतं. खरवडीवरच्या बहुतेक भेटी रात्रीच्याच असतात, त्याने नाउमेद होऊ नका. पहिली उजेडातली भेट दिसली की त्या दिवशीचा वारा हवामानखात्याच्या नोंदीतून काढून लिहून ठेवा. तसाच वारा पुन्हा असेल तेव्हा बसा.

कार्ड काढायला दोन-तीन आठवड्यांनी, भर दुपारी, शक्यतो पावसाची चिन्हं असताना जा. पायात गमबूट, हातात रबरी मोजे. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्या बाजूला जाणार असेल तर त्यावर बसून जाणं सगळ्यात उत्तम, त्या आवाजाला हरणं सरावलेली असतात.

एक चूक हमखास होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, साध्या कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र तिथेच राहतं. मग साडेचारला, सूर्यास्ताआधी आलेला नर फोटोवर साडेपाचचा दिसतो आणि आपण त्याला ‘रात्रीचा’ म्हणून सोडून देतो. फोटो रंगीत असेल तर उजेड होता हे नक्की.

प्रश्न : हरणं थेट कॅमेऱ्याकडे बघतात. ‘नो-ग्लो’ घ्यावा का?

उत्तर : आधी तीन-तीनच्या मालिकेतले फोटो लावून बघा. पहिल्यात मान खाली, दुसऱ्यात मान वर आणि दोन्ही कान पुढे, तिसऱ्यात पुढचा एक पाय उचललेला असेल, तर तो नर खूर आपटून इशारा देतोय. ती जागा त्याच्या मनातून उतरली. रात्रीच्या फोटोसाठी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड दिवा असतो. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यात पुसट लाल ठिपके दिसतात. ९४० चा, म्हणजेच ‘नो-ग्लो’ दिवा जवळजवळ दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी असतो आणि फोटो दाणेदार येतो. सावध नरासाठी ९४० घ्याच.

त्याहून जास्त फरक उंचीने पडतो. कमरेएवढा कॅमेरा त्याच्या डोळ्यांसमोर येतो. घडीच्या शिडीवर चढून तो सात-आठ फुटांवर बांधा, वरच्या कडेमागे अंगठ्याएवढ्या जाडीची काटकी अडकवून तोंड खाली झुकवा, आणि बुंध्यापासून १५ ते २० फुटांवरच्या वाटेवर रोखा. टेस्ट मोडवर समोरून स्वतः चालून दिवा लागतो का ते बघितल्याशिवाय तिथून निघू नका. जास्त झुकलेला कॅमेरा फक्त बुंधा टिपतो.

प्रश्न : आठवड्यात शेकडो रिकामे फोटो, आणि रात्रीचे काळे कुट्ट. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. सेन्सर उष्णतेतला फरक आणि हालचाल टिपतो, त्यामुळे उन्हात तापलेलं हलतं गवतही त्याला जनावर वाटतं. समोरचं गवत आणि फांद्या छाटा, तोंड उत्तरेकडे करा. पूर्व-पश्चिम ठेवलात तर उगवता-मावळता सूर्य भिंगात येतो. कॅमेरा वाटेला काटकोनात बांधू नका, साधारण ४५ अंशांत ठेवा. नाहीतर चालता नर निघून जातो आणि शेपटीच तेवढी येते. काळे फोटो म्हणजे बॅटरी उतरली. दिवसा फोटो निघतात, रात्री दिव्याला जोर पुरत नाही. अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, लिथियम एए उणे ४० अंशांतही चालतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

प्रश्न : शिंगांना दहा टोकं, म्हणजे पोक्तच ना?

उत्तर : नाही. अडीच वर्षांच्या नरालाही आठ-दहा टोकं येतात. कडेने काढलेला फोटो घ्या आणि शिंगं हाताने झाका. लांब पाय, सपाट पोट, बारीक मान म्हणजे तरुण. साडेचार-पाचच्या पुढे छाती पुठ्ठ्यांहून जड होते, पोट सुटतं, पाय आखूड वाटतात आणि माजाच्या दिवसांत मान थेट छातीत मिसळते.

प्रश्न : मोबाइलवर फोटो पाठवणारा कॅमेरा चालेल का?

उत्तर : फेऱ्या वाचतात हा त्याचा मोठा गुण. पण आधी आपल्या राज्याचा नियम वाचा. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी कुठलाच ट्रेल कॅमेरा चालणार नाही असं ठरवलं. कॅन्ससने २०२३ मध्ये राज्याच्या वन्यजीव विभागाच्या जमिनींवर बंदी घातली. शिकारीतल्या विक्रमी जनावरांची नोंद ठेवणारा, १८८७ साली स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लबही, त्याच क्षणीच्या फोटोवरून गाठलेला नर आपल्या नोंदीत घेत नाही. हे योग्यच आहे. फोन वाजला म्हणून उठून गेलात तर त्यात माग काढणं कुठे राहिलं? मीठ किंवा मका ठेवून फोटो काढण्याचंही तसंच: सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या हरणांच्या जीवघेण्या रोगामुळे विस्कॉन्सिनच्या अनेक काउंटींत आमिषाला बंदी आहे.

प्रश्न : हाच कॅमेरा विदर्भातल्या आमच्या शेतात लावला तर?

उत्तर : शिकारीसाठी नाही. चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि जंगलात कॅमेरा लावायचा तर वनविभागाची परवानगी लागते. स्वतःच्या पिकात रात्री काय शिरतं हे बघायचं असेल तर रानडुकरासाठी तो दोन-अडीच फुटांवर बांधा आणि एप्रिल-मेमध्ये संवेदनशीलता ‘हाय’वर ठेवा. संध्याकाळी जमीन जनावराच्या अंगाएवढीच तापलेली असते. सेन्सरला फरकच दिसत नाही आणि समोरून गेलेलं डुक्कर निसटतं. पहाटे जमीन निवली की तोच कॅमेरा नीट काम करतो.