लाइक पोत्याने, शोधात पत्ता नाही

प्रश्न : काका, मी राजेंद्रनगरात घरीच शिवलेल्या नऊवारीचं काम करते. हाताशी सूनबाई आणि दोन कारागीर आहेत. इन्स्टाग्रामवर नऊ हजारांवर फॉलोअर्स आहेत आणि पाडव्याला राजवाड्यासमोर काढलेली रील तर दोन लाख लोकांनी बघितली. पण गूगलवर ‘इंदौर में नौवारी’ टाकलं की शीतलामाता बाजारातली अशी दुकानं वर येतात, ज्यांना ओचा कुठला अन् काष्टा कुठला हेही कळत नाही. आमचं नाव तिसऱ्या पानावरसुद्धा नाही. मागच्या महिन्यात एका एजन्सीचा मुलगा आला होता. पंधरा हजारांत पाच हजार लाइक आणि शेअर देतो, ‘सोशल सिग्नल’ वाढले की महिन्याभरात पहिल्या पानावर याल, असं म्हणाला. अर्धे पैसे दिले. लाइक आले, बाकी सगळं जिथल्या तिथे. आता तो उरलेले मागतोय. देऊ का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नका देऊ, ताई. साडेसात हजारांत अस्तराचं किती कापड येतं, हा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला येतो.

पण त्या पोराला शिव्या द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण हाच माल मीही विकलाय. २०११ साली गूगलने फेसबुकसारखं स्वतःचं ‘गूगल प्लस’ काढलं, त्याआधी काही महिने लाइकसारखंच ‘प्लस वन’ नावाचं बटण आणलं होतं. मी तेव्हा छापखाना सोडून नुकताच वेबसाइटच्या धंद्यात शिरलो होतो. सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याच्या साइटवर ते बटण हौसेने बसवलं, आणि आत्याच्या सुनेपासून जावयाच्या भावापर्यंत सगळ्यांकडून दाबून घेतलं. सत्तर-ऐंशी प्लस जमले. शेठजींचा हिंग होता तेवढाच खपला. २ एप्रिल २०१९ ला गूगलने ते दुकानच सामान्य लोकांसाठी बंद केलं, आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांची मेहनत पाण्यात गेली.

लाइक वाढले की शोधात वर येतो, हा समज मुळात हवेतून आलेला नाही. गूगलमध्ये तेव्हा मॅट कट्स नावाचे अधिकारी होते, साइटवाल्यांच्या शंकांना व्हिडिओतून उत्तरं द्यायचे. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी सांगितलं की ट्विटर-फेसबुकवरच्या लिंक आम्ही क्रम ठरवताना वापरतो. झालं, आमच्या धंद्यात दिवाळी! जानेवारी २०१४ मध्ये तेच म्हणाले की फेसबुक-ट्विटरची पानं आम्हाला इतर पानांसारखीच, कुणाला किती लाइक आणि किती फॉलोअर्स यावरून आम्ही क्रम लावत नाही. कारणही व्यवहारी दिलं. अशा एका साइटने मागे महिना-दीड महिना गूगलचा रस्ताच अडवला होता. उद्या दार लावून घेईल अशा घरातल्या मापावर आपला तराजू कोण बसवील? पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं, दुसरं विकणाऱ्यांनी विसरायला लावलं.

गूगलचा पाया १९९८ पासून लिंकवर आहे. एका साइटने दुसरीचा पत्ता दिला की ती शिफारस, आणि देणारा जितका वजनदार तितकी शिफारस वजनदार. लाइक म्हणजे लिंक नव्हे. फेसबुकसारख्या ठिकाणी तुम्ही लिंक टाकली तरी तिच्यावर बहुधा ‘नोफॉलो’ची खूण असते, म्हणजे ‘ही आमची शिफारस समजू नका’. ही खूण २००५ साली कमेंटमधला कचरा रोखायला काढली. २०१९ मध्ये गूगलने ती थोडी सैल केली, आता तो हुकूम नाही, नुसती सूचना मानतात. तेवढ्याने तुमचे पाच हजार लाइक कामाला येणार नाहीत. मायक्रोसॉफ्टचं बिंग आपल्या सूचनांत सामाजिक माध्यमांचा उल्लेख करत आलंय, पण नऊवारी शोधायला बिंगवर जाणारी बाई मला इंदुरात अजून भेटायची आहे.

एजन्सीच्या मुलाने तुम्हाला तक्ता दाखवला असेल : वरच्या साइट, त्यांचे भरपूर लाइक. तक्ता खरा असू शकतो. ज्या लग्नात गर्दी जास्त तिथे मांडवाबाहेर चपलाही जास्त असतात. म्हणून चपला विकत घेऊन मांडवाबाहेर मांडल्या तर पंगत बसत नाही.

आता तुमचं पान. मी ते नीट बघितलं, आणि काम फार सुरेख आहे, विशेषतः जांभळी पेशवाई. पण त्या दोन लाखांच्या रीलखाली काय लिहिलंय? ‘मराठमोळा साज’ आणि तीन फुलं. ना इंदूर, ना नऊवारी, ना शिलाई. १० जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या सार्वजनिक पोस्ट गूगलमध्ये दिसू शकतात, पण व्यावसायिक खात्यांच्याच. तुमचं खातं अजून वैयक्तिक, म्हणजे ‘पर्सनल’च्या वर्गात आहे. सेटिंगमध्ये बदला, पाच मिनिटांचं काम आहे. मग रीलखाली सरळ लिहा : शिवलेली नऊवारी, ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजेंद्रनगर, इंदूर. इथली गिऱ्हाइकं हिंदीत शोधतात, तेव्हा ‘नौवारी’ही लिहा आणि ‘मराठी साड़ी’ही. रोमन अक्षरांत तर लोक दहा तऱ्हांनी लिहितात, त्यातल्या दोन-तीन घाला. शुद्धलेखनाचा अभिमान इथे गुंडाळून ठेवायचा. मला स्वतःला तो फार जड गेला.

त्याहून मोठी चूक म्हणजे नकाशावर तुम्ही नाहीच. ‘इंदौर में’ असं शोधलं की वर नकाशा आणि तीन नावं येतात, शीतलामाता बाजारवाले तिथेच बसलेत. गूगलवर धंद्याची नोंद फुकट होते. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर लपवून नुसता परिसर दाखवता येतो. तिथे गूगल तीन गोष्टी बघतं असं तेच सांगतात : शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक. नावलौकिकात रिव्ह्यू मोजले जातात. तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना मागा, अगदी निःसंकोच. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट मात्र देऊ नका, नियमाने मनाई आहे. आणि ‘छान काम’ असं नको. ‘मुलीच्या लग्नात पाच जणींच्या नऊवारी शिवून घेतल्या, काष्टा दिवसभर हलला नाही’ असं कुणी लिहिलं तर ते वाचून पुढची बाई फोन उचलेल.

मग इन्स्टाग्राम वाया गेलं का? मुळीच नाही. त्याच रीलखाली, खूप खाली, एका नृत्यवर्गाची कमेंट आहे : ‘आमच्या बारा मुलींना कार्यक्रमासाठी शिवून द्याल का?’ त्या वर्गाची स्वतःची वेबसाइट आहे. कपडे शिवून द्या, आणि त्यांच्या फोटोखाली तुमचं नाव लिंकसकट टाकायला सांगा. ती एक लिंक त्या पाच हजारांहून भारी. पण ताई, पाडवा होऊन तीन महिने झाले, त्या कमेंटला अजून तुमचं उत्तर गेलेलं नाही.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या वेबसाइटची लिंक सभासद रोज चाळीस वॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. शोधात वर यायला याचा उपयोग होईल का?
— एक कार्यकर्ता, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. ग्रुपमध्ये काय चाललंय हे गूगलला दिसत नाही. लिंकवरून माणसं येतील, तेवढा फायदा घ्या आणि दिवसातून एकदाच टाका, लोक ग्रुप म्यूट करतात. तुमची अडचण दुसरीच आहे. दहा दिवसांचा सगळा कार्यक्रम तुम्ही एका रंगीत पत्रिकेचा फोटो काढून चिकटवलाय. तो साध्या अक्षरांत टाइप करून टाका : तारीख, वेळ, कलाकार, जागा. आणि महाप्रसादाची नोंदणी कुठे करायची तेही लिहा. गेल्या वर्षी मला ते सापडलं नव्हतं, उपाशी परतलो.