वाचकांचे प्रश्न : भाकर-दूध आणि कुत्र्याचं पोट

प्रश्न : आमचा कारवानी कुत्रा दोन वर्षांचा आहे, वजन 22 किलो. लहानपणापासून ज्वारीची भाकर दुधात चुरून खातो. भाकरीनं कुत्र्याचं पोट बिघडतं असं ऐकलं म्हणून तयार खाद्याचं पोतं आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू केलं. तिसऱ्या दिवशी हगवण लागली. घाबरून परत भाकरीवर आलो, तरी शी पातळच आहे. भाकर खरंच वाईट का?
(वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : भाकरीनंही बिघडलं नाही आणि पोत्यानंही नाही. बिघडलं ते एका रात्रीत ताट बदलल्यामुळे, आणि तेही तुम्ही आठवड्यात दोनदा बदललंत.

कुत्र्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते. लहान आतड्यात जे पचत नाही, ते खाली उतरून या वस्तीचं जेवण होतं. दोन वर्षं ज्वारीचा कोंडा आणि पिष्ट खाली येत होतं, म्हणून तेच आंबवणारे जिवाणू तिथे वाढले होते. ते आंबवताना आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. अचानक जास्त प्रथिनं आणि चरबी आली की जुन्या रहिवाशांचं जेवण तुटतं आणि नवे अजून पुरेसे वाढलेले नसतात. मधल्या काळात न पचलेलं अन्न आतड्यात पाणी ओढून घेतं. तीच तुमची पातळ शी.

भाकरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. माणसाच्या संगतीत कुत्रा पिष्ट पचवायला शिकला. लांडग्यात पिष्ट फोडणाऱ्या अमायलेज या पाचकाच्या जनुकाच्या साधारण 2 प्रती असतात, कुत्र्यात 4 ते 30. हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. तेव्हा चांगली भाजलेली भाकर कुत्र्याला पचते. शिळ्या भाकरीतलं काही पिष्ट घट्ट होऊन न पचता खाली उतरतं आणि जिवाणूंच्या कामी येतं. शिळी म्हणजे कालची, बुरशी धरलेली नव्हे.

आता उपाय. दूध आजच बंद करा. वयात आलेल्या कुत्र्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी झालेलं असतं. आधी चालत होतं ते आतड्याला सवय होती म्हणून, दुखऱ्या आतड्याला ते झेपत नाही. दोन-तीन दिवस मऊ शिजवलेला भात दोन भाग आणि हाडं-कातडं काढून उकडलेलं कोंबडीचं मांस एक भाग, असं मिसळून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. मीठ, मसाला, तेल काही नको. पाणी कायम भरून ठेवा. शी बांधली गेली की नव्या खाण्याकडे दहा दिवसांत जा : पहिले तीन दिवस पाव भाग नवं, पुढचे तीन दिवस अर्धं, पुढचे तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. मध्ये शी सैल झाली तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबा. शी मातीतून उचलली तर जागेवर थोडा ओलसर डाग राहतो, पण आकार मोडत नाही, इतपत हवी. खडखडीत गोळ्याही नकोत.

घरचंच द्यायचं असेल तर एवढ्या वजनाच्या, बेताचं हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1,100 किलोकॅलरी लागतात. त्यासाठी दोन भाकरी (मिळून 150 ग्रॅम पीठ), कच्चं वजन 200 ग्रॅम बिनहाडाचं चिकन, दोन उकडलेली अंडी, 40 ग्रॅम मुगाची डाळ गाळ होईपर्यंत शिजवून, 50 ग्रॅम उकडलेला लाल भोपळा आणि एक चमचा तेल. हे दोन वेळांत वाटून द्या. यात चुना (कॅल्शियम) जवळजवळ नाही, म्हणून अंड्याचं कवच धुऊन, वाळवून, वस्त्रगाळ पूड करून दिवसाला साडेतीन ग्रॅम घाला. जस्त, तांबं, आयोडीन तरीही कमी पडतं. त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांकडून कुत्र्यांसाठीचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण घ्यावं. भाकर-दुधाची खरी उणीव हीच आहे. पोट भरतं, पण प्रथिनं आणि खनिजं पुरत नाहीत.

प्रश्न : लॅब्रॅडॉर आहे, 32 किलो. प्रथिनं मिळावीत म्हणून सोयाबीनच्या वड्या भाजीतल्याच काढून देतो. पोट गुरगुरतं आणि वास इतका की माणसं खोलीतून उठून जातात. जंत असतील का?
(वाचक, परभणी)

उत्तर : जंत असूही शकतात, पण आधी वड्यांकडे बघा. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं पाचक कुत्र्याच्या लहान आतड्यात नसतं (आपल्यातही नसतं, हरभऱ्याची उसळ आठवा). त्या जशाच्या तशा खाली जातात, जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि वायू सुटतो. वड्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, पाणी पिळून फेकून द्या आणि हेच पुन्हा एकदा करा. बऱ्याच साखरा पाण्यासोबत निघून जातात. या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला मूठभर भिजलेल्या वड्या पुरेत, त्याही आठवडाभरात हळूहळू वाढवत. घरचं कच्चं सोयाबीन भरडून किंवा पिठात कालवून कधीच देऊ नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो नीट शिजवल्यावरच मोडतो.

भाजीतल्या वड्या म्हणजे कांदा-लसणासकट, आणि हा वायूपेक्षा मोठा धोका. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा गेला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठत जातो, आणि शिजवल्यानं विष कमी होत नाही. कुत्र्याच्या वड्या फोडणीआधीच बाजूला काढा.

प्रश्न : आमच्या कुत्र्याला महिन्या-दोन महिन्यांनी हगवण लागते. थोडी थोडी, वारंवार, शेंबडासारखं काहीतरी येतं, कुंथतो. मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणतो, सोबत दही. तीन दिवसांत थांबतं. वर्षात चार वेळा झालं. गोळी चालू ठेवावी का?
(वाचक, बीड)

उत्तर : नको. थोडी-थोडी, शेंबूड आणि कुंथणं ही मोठ्या आतड्याची लक्षणं. अशी साधी हगवण पुष्कळदा गोळीविनाही तीन-चार दिवसांत थांबते, श्रेय मात्र गोळीला जातं.

गोळीची किंमत मागाहून कळते. मेट्रोनिडाझोल हे जिवाणू मारणारं औषध. निरोगी कुत्र्यांना ते 14 दिवस देऊन पाहिलं तेव्हा फ्युझोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू घटले आणि औषध थांबवून चार आठवडे झाले तरी वस्ती पूर्ववत झाली नव्हती. माणसाच्या पोटात याच जिवाणूंचं नाव आजारांसोबत येतं, कुत्र्याच्या पोटात मात्र ते निरोगीपणाचं लक्षण आहे. दुसरा बळी क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस नावाचा जिवाणू. पित्तातल्या आम्लांचं रूपांतर करण्याचं काम तो करतो आणि त्या रूपांतरित आम्लांमुळे उपद्रवी जिवाणू दबून राहतात. तो गेला की पुढच्या हगवणीला दार उघडं. तुमचं चक्र यातूनच फिरत असण्याची शक्यता आहे.

दही वाईट नाही. एक-दोन चमचे चालतं, दुधापेक्षा साखर कमी असते. पण दह्यातले जिवाणू कुत्र्याच्या आतड्यात घर करत नाहीत, देणं थांबलं की तेही गेले. अशा हगवणीत इसबगोल जास्त कामाचं : 10 ते 15 किलोच्या कुत्र्याला दिवसाला चहाचा एक चमचा, 25-30 किलोच्या कुत्र्याला दोन, अर्धी वाटी पाण्यात फुगवून खाण्यात मिसळायचं. कोरडं टाकू नका, घशात चिकटतं.

पुढच्या वेळी गोळीऐवजी शीचा नमुना न्या. ताजी शी, स्वच्छ डबीत, दोन तासांच्या आत. जंत आणि जिआर्डिया नावाचा सूक्ष्मजीव त्यातूनच पकडता येतात. जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात सोय नसेल तर परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रक्त, सतत उलट्या, कोरड्या हिरड्या, किंवा लस न झालेलं पिल्लू असेल तर घरचे उपाय करत बसू नका. पिल्लाला पार्व्हो (विषाणूमुळे होणारी जीवघेणी हगवण) असू शकतो आणि त्यात सलाईनला एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो.

प्रश्न : चिकनच्या दुकानातून मुंड्या, पाय, आतडी स्वस्तात मिळतात. कच्चं दिलं तर पोटात चांगले जिवाणू वाढतात म्हणे?
(वाचक, नांदेड)

उत्तर : वस्ती बदलते हे खरं, पण बदल चांगलाच असतो असं नाही. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या पोटात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारखे उपद्रवी जिवाणू वाढलेले आढळतात. शिवाय उघड्यावर उन्हात पडलेल्या आतड्यांत साल्मोनेला हा हगवण लावणारा जिवाणू असतोच असं धरून चालायचं. कुत्र्याला काही झालं नाही तरी त्याच्या शीतून तो अंगणात येतो आणि तिथे लेकरं खेळतात. आतडी सोडून द्या. बाकी मांस उकळी आल्यावर वीस मिनिटं शिजवा, हाडं काढून टाका. शिजलेलं हाड टोकदार चिरतं आणि आतड्याला भोक पाडतं.

प्रश्न : परतीच्या पावसात ज्वारी काळी पडली. आम्ही खात नाही, कुत्र्याला भाकर करून द्यावी का?
(वाचक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : देऊ नका. तो काळेपणा बुरशीचा आहे. बुरशीचं विष असेल तर ते तव्यावरच्या आचेनं पूर्ण जात नाही. यकृत बिघडतं आणि कुत्रा खाणं सोडतो तेव्हाच ते कळतं. हीच गोष्ट बुरशी आलेल्या मक्याची आणि भुईमुगाच्या पेंडीची.