चुंबकाने गार होणारा धातू

प्रश्न : मी बारा वर्षं फ्रिज दुरुस्ती करतो. गॅस आणि कॉम्प्रेसरशिवाय, चुंबकावर चालणाऱ्या फ्रिजसाठी गॅडोलिनियम, सिलिकॉन, जर्मेनियम यांचं एक संयुग सापडलंय असं वाचलं. खरं असेल तर बाजारात का दिसत नाही?
– एक वाचक, मिरज

उत्तर : खरं आहे. संशोधन करत असताना मी स्वतः ते वितळवून बनवलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक करून बघा. रुंद रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग सैल सोडा आणि पुन्हा ओठाला लावा. आता गार लागेल. या धातूला ताणायचं नाही, चुंबकाजवळ न्यायचं. अणूंची चुंबकत्वं एका दिशेला वळतात आणि तो तापतो. ती उष्णता पाण्याने काढून घेतली आणि चुंबक दूर केला, की तो आधीपेक्षा गार होतो. तुमचा कॉम्प्रेसर गॅस दाबून जे साधतो, ते इथे चुंबक साधतो.

नुसतं गॅडोलिनियमही हे करतं, २० अंश सेल्सिअसच्या आसपास. पण १९९७ साली अमेरिकेत, आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेत पेचार्स्की आणि ग्श्नायडनर यांना या संयुगात (गॅडोलिनियमचे पाच अणू, बाकी दोघांचे दोन-दोन) किमान दुप्पट परिणाम दिसला, आणि तोही २७६ केल्विनला, म्हणजे ३ अंशांना. फ्रिजच्या आतलंच तापमान! चुंबकत्वाबरोबर स्फटिकाची ठेवणही बदलते, म्हणून एवढा जोर.

अडतं तेही त्या ठेवणीपाशीच. ती तापताना एका तापमानाला बदलते, गार होताना दुसऱ्या, आणि प्रत्येक फेरीत थोडी उष्णता वाया जाते. २००४ मध्ये किंचित लोखंड मिसळून हा तोटा बराच कमी करता आला. जर्मेनियम मात्र महागच. शिवाय धातू काचेसारखा ठिसूळ. आर्गॉन वायूत, तांब्याच्या गार बशीवर चार वेळा उलटून वितळवलेला माझा बटणासारखा चकचकीत गोळा हातोडीच्या एका हलक्या टोल्याने फुटून त्याचे चार तुकडे झाले होते. ते अजून डबीत आहेत. आता बरेच संशोधक लँथॅनम, लोखंड, सिलिकॉन या स्वस्त त्रिकुटाकडे वळलेत.

असा फ्रिज आला तरी त्यात पंप, झडपा आणि पाण्याच्या नळ्या असतीलच. गळती शोधायला तुमच्यासारखा माणूस लागेल.