डर्बीचा घोडा बघताना

अरे भाच्या, माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना आपण अंगावरचे केसांचे भोवरे, रंग अन् चाल बघतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या इंडियन डर्बीत घोड्यावर पैसे लावताना ती नजर निम्मीच कामाची. ही शर्यत २४०० मीटरची, चार वर्षांच्या घोड्यांची. त्याआधीची १६०० मीटरची गिनीज नावाची शर्यत मारलेला घोडा सगळ्यांचा लाडका असतो, पण पुढच्या ८०० मीटरांत त्याचा दम टिकेल का, हे त्याच्या आईबापाकडं बघून ताड. मागची शर्यत त्यानं कशी संपवली? धापा टाकत, की अजून ओढ होती? शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमध्येच घामाघूम झालेला घोडा मी तरी सोडून देतो. (एकदा नाही सोडला, तर महिनाभर मामीचं ऐकलं.) अन् टीप देणाऱ्याला आधी विचार, तू स्वतः किती लावलेस?