आम्ही हिंदू आहोत, वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरी चर्चला) गेलो तर चालेल का? आईचे गुडघे दुखतात, पण नवस फेडायचाय, तिला जत्रेत नेऊ का?

चालेल म्हणजे काय, बिनधास्त जा. दारात कोणी जात धर्म विचारत नाही. आम्ही कोळी, कार्ल्याची एकवीरा आमची कुलदेवी आणि वांद्र्याची मोत माउली पण आमचीच, घरात दोघींचे फोटो शेजारी शेजारी आहेत. माउलीची मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडली, आधी त्याला तसं स्वप्न पडलं होतं, हे आमच्या आज्या सांगत आल्यात त्यामुळे ती परकी वाटतच नाही. इतिहासात बघाल तर 16व्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी ती पोर्तुगालहून आणली, 1700 च्या सुमारास चाच्यांनी हातातली वस्तू सोन्याची समजून तिचा हातच तोडला असं सांगतात, पुढे मराठ्यांनी साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यात येतं ते बेट, घेतलं त्या धामधुमीत ती माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये होती आणि 1761 मध्ये परत टेकडीवर आली. एवढं सगळं सोसलेली मूर्ती आहे ती, म्हणून आत गेल्यावर आधी तिच्याकडे नीट बघा. इमारत आत्ताची 1904 ची आहे, छान आहे पण जुनी ती मूर्ती.

आता जत्रेचं. तुम्ही लिहिलंय आईचे गुडघे दुखतात आणि नवस फेडायचाय, तर माझं स्पष्ट मत, जत्रेत नेऊ नका. 8 सप्टेंबरला माउलीचा सण, त्याच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, तेव्हा वरचे रस्ते गाड्यांना बंद असतात, रांगेत तासन्‌तास उभं राहायचं आणि समोर पोचलं की मागचे ढकलतात, म्हाताऱ्या माणसाला धड हात जोडायला मिळत नाही हो. नवसाला तारीख नसते. साध्या वारी सकाळी न्या, वांद्रे स्टेशनला वेस्टला उतरून रिक्षा करा, ती थेट चर्चपर्यंत वर जाते, खालून पायऱ्यांनी चढायचा हट्ट आईने केला तरी ऐकू नका.

बाहेर स्टॉलवर मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, बाळ, घर असं सगळं मिळतं, ज्याचा नवस ते माउलीपुढे ठेवायचं. विकणारे मागे लागतात पण घाई करू नका, आईला स्वतःच्या हाताने निवडू दे, तिचा नवस काय होता ते तिलाच माहीत.

आत मिस्सा, म्हणजे त्यांची सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा, बास. फक्त लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जातात त्या रांगेत जाऊ नका, तो प्रसाद त्यांच्यातल्या दीक्षा घेतलेल्यांसाठीच असतो, आपल्या देवळातल्यासारखा सगळ्यांना वाटत नाहीत. बाकाखाली गुडघे टेकायची फळी असते तिच्यावर पाय ठेवू नका. आणि मेणबत्ती लावली की लगेच निघू नका, आईला हवं तेवढा वेळ बसू द्या, त्यासाठीच तर नेताय.

एक मात्र आईला आधीच विचारून घ्या, नवस नक्की मोत माउलीचाच ना? कारण नऊ बुधवारचा नवस बोललेला असेल तर तो माहीमच्या सेंट मायकेलचा, तिथे 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, असते, ते चर्च वेगळं. तसं असेल तर माटुंगा रोड किंवा माहीमला उतरा, आणि बुधवारीच जा.