इंदूरमधलं राहतं घर आईने दानपत्राने मुलाला दिलं. तो आता सांभाळत नाही. घर परत मिळेल का?

हो, मिळू शकतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली आईंनी एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) भरण-पोषण न्यायाधिकरणात अर्ज द्यावा. सोबत रजिस्ट्रीची नक्कल, वयाचा दाखला, आणि जेवण-औषधं कधी, कशी नाकारली ते तारखांसह. अर्ज बहुतेक वेळा अडतो तो एकाच जागी: सांभाळण्याची अट कागदावर नसते. उर्मिला दीक्षित खटल्यात (हा मध्य प्रदेशातलाच) सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये दानपत्र आणि त्याच दिवशीचं, आईला सांभाळण्याचं मुलाचं वचनपत्र एकत्र वाचून दान रद्द केलं. म्हणून घरातली जुनी कागदपत्रं, स्टॅम्पपेपरवरचा करारसुद्धा, आधी नीट चाळा. दानपत्र हा 2007 चा कायदा लागू होण्याआधीचं असेल तर मात्र हे कलम लागत नाही. मासिक भरण-पोषण तरीही मागता येतं.